परतीच्या फेरीपासून मागे मोजा

प्रश्न : दोन कुटुंबे आणि काही मित्रमंडळी असे आम्ही चौदा जण जोडून आलेल्या सुट्टीत एका बेटावर जाण्याचा बेत करीत आहोत. बेटावर फक्त फेरीबोटीने जाता येते आणि पलीकडे पोहोचायला सुमारे सव्वा तास लागतो. आमच्यात पाच वर्षांची मुलगी आहे, चौऱ्याहत्तर वर्षांचे सासरे आहेत, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे आणि माझ्या नणंदेला बोट लागते. काही जण म्हणतात की सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ, काहींना दोन रात्री राहायचे आहे. मोठ्या दिरांचा आग्रह असा की रविवारच्या शेवटच्या बोटीनेच परतावे, म्हणजे पूर्ण वेळ मिळेल. सोमवारी सकाळी त्यांना कामावर हजर व्हायचे आहे. सारी जबाबदारी माझ्यावर आली आहे आणि समुद्राचा मला काहीच अनुभव नाही. सुरुवात कुठून करू? हवामान बिघडले तर निर्णय कोणी घ्यायचा आणि पैशांचे काय करायचे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

सुरुवात परतीच्या बोटीपासून करा. बेटाची सहल आखताना बहुतेक जण निघण्याच्या सकाळपासून पुढे पुढे बेत रचत जातात आणि परतीची फेरी ही अगदी शेवटी, उरलेल्या वेळात बसवायची गोष्ट समजतात. नंतरच्या धावपळीचे मूळ बहुधा तिथेच असते. जमिनीवरच्या प्रवासात उशीर झाला तर दुसरी गाडी मिळते, दुसरा रस्ता सापडतो, फार तर रात्री उशिरा घरी पोहोचतो. बेटावरून दिवसातली शेवटची बोट सुटली की त्या दिवसापुरता रस्ताच संपतो. चौदा जणांच्या खाण्याच्या वेळा, झोपेच्या सवयी, हौशी आणि कुरबुरी हे सगळे थोडेफार मागेपुढे करता येते, बोटीची वेळ करता येत नाही. म्हणून जी गोष्ट हलणार नाही ती आधी कागदावर मांडावी आणि बाकीच्या तिच्याभोवती बसवाव्यात.

आपल्या दिरांचा हेतू मला समजतो, तरी शेवटच्या बोटीच्या बाबतीत मी स्पष्टपणे त्यांच्या विरुद्ध मत देईन. सुट्टीच्या दिवसांत बेटावर जाणारी माणसे सकाळभर विखरून जातात. कोणी पहिल्या फेरीने, कोणी त्यानंतरच्या, आणि काही जण तर आदल्या दिवशीच पोहोचलेले असतात. परतताना मात्र प्रत्येकालाच पूर्ण वेळ हवा असतो, त्यामुळे सारी गर्दी शेवटच्या एकदोन फेऱ्यांवर येऊन पडते. जिथे परतीच्या तिकिटावर वेळ छापलेली नसते आणि रांगेत जो आधी त्याला जागा, असा रिवाज असतो, तिथे दोघातिघांचे निभावते, पण चौदा जणांच्या गटाची हमखास फाटाफूट होते. दुसरे असे की शेवटच्या बोटीच्या मागे काहीच नसते. तिच्या इंजिनात बिघाड झाला, वाऱ्यामुळे ती रद्द झाली, किंवा आपल्यापैकी एकाला धक्क्यावर पोहोचायला दहा मिनिटे उशीर झाला, तर थेट मुक्कामच पडतो. ज्यांना सोमवारी सकाळी कामावर हजर राहायचे आहे, त्यांनी तर हा धोका सर्वांत आधी टाळायला हवा. रविवारी सकाळी अकराच्या किंवा दुपारी बाराच्या सुमाराची एखादी फेरी असेल तर तिची चौदा तिकिटे घ्यावीत आणि शेवटची बोट राखीव म्हणून मनात ठेवावी. तिच्यावर बेत रचू नये.

आता एक दिवस की दोन रात्री, याचा निर्णय मतदानाने करण्यापेक्षा हिशेबाने करा. पाण्यावरचा प्रवास सव्वा तासाचा असला तरी गटासाठी तो तेवढ्यावर भागत नाही. धक्क्यावर पाऊण तास आधी पोहोचावे लागते, कारण बोट सुटण्याच्या छापील वेळेच्या काही मिनिटे आधीच चढण्याची शिडी काढतात आणि गाडी नेणार असाल तर नोंदीची वेळ आणखी आधी संपते. उतरताना, सामान गोळा करताना आणि सगळे आले का ते पाहताना वीसएक मिनिटे जातात. म्हणजे एका बाजूला सव्वादोन ते अडीच तास. समजा, सकाळी नऊची बोट जाण्यासाठी आणि संध्याकाळी पाचची परतण्यासाठी आहे, तर साडेदहानंतर कुठे बेटावर पाय मोकळे होतील आणि सव्वाचारला पुन्हा धक्क्यावर असावे लागेल. हातात उरतात पावणेसहा तास. त्यातून जेवण, सासऱ्यांची दुपारची विश्रांती आणि पाच वर्षांच्या मुलीचा कंटाळा वजा केला की उरलेल्या वेळासाठी नणंदेने एकाच दिवसात दोनदा बोट लागण्याचा त्रास सोसावा, हे मला पटत नाही. तरुण मित्रमंडळींचा लहान गट असता तर मी एका दिवसाची सहल सुचवली असती. आपल्या गटासाठी शुक्रवारी सकाळी जावे आणि रविवारी दुपारपर्यंत निघावे. शुक्रवार मोकळा मिळत नसेल तर एकच रात्र राहा, तीही चालेल. परतीची वेळ मात्र तीच ठेवा.

यापुढचा भाग भरती-ओहोटीचा. सहलीच्या बेतात त्याचा विचार फारसा कोणी करीत नाही, आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला तर त्याचाच सर्वांत जास्त फरक पडतो. जगाच्या बहुतेक किनाऱ्यांवर सुमारे २४ तास ५० मिनिटांत दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. शुक्रवारी सकाळी अकराला पूर्ण भरती असेल तर रविवारी ती साडेबारा ते पाऊणच्या सुमारास येईल. काही समुद्रांत दिवसातून एकदाच भरती येते आणि भूमध्य किंवा बाल्टिकसारख्या जवळजवळ बंदिस्त समुद्रांत पाण्याची पातळी या कारणाने फारशी बदलतच नाही, त्यामुळे आपण जाणार त्या बंदराचेच भरतीचे कोष्टक पाहावे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे भरती अधिक वर चढते आणि ओहोटीला पाणी अधिक खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि हा फरक कमी होतो.

याचा सासऱ्यांच्या गुडघ्यांशी संबंध असा. धक्का दगडी किंवा काँक्रीटचा, एका जागी बांधलेला असेल तर ओहोटीच्या वेळी बोट खाली उभी राहते आणि एरवी पाण्याखाली असणाऱ्या, शेवाळाने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवरून चढउतार करावी लागते. धक्का तरंगता असेल तर तो पाण्याबरोबर वरखाली होतो, त्यामुळे बोट आणि धक्का एका पातळीवर राहतात, पण जमिनीपासून तरंगत्या धक्क्यापर्यंतचा उतार ओहोटीला चांगलाच तीव्र होतो. दोन्ही बाबतींत भरतीच्या आसपासची फेरी वृद्धांना सोयीची. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हेही ध्यानात ठेवा. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला पुन्हा एक भाग, असे पाणी वाढते, असा दर्यावर्दी लोकांचा जुना ठोकताळा आहे. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी चढून जाते. पूर्ण भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास धक्का चढउतारीला सोयीचा असतो, असा याचा व्यवहारातला अर्थ. बेटाच्या कडेला एखाद्या खडकाळ टेकाडावर ओहोटीला चालत जाता येत असेल, तर तिथेही हाच हिशेब लागू आहे: परतीची वाट हळूहळू बुडेल असे समजून मुलांना तिथे रेंगाळू देऊ नका, कारण त्या मधल्या तासांत पाणी पाहता पाहता वाढते.

फेरी चालवणाऱ्या कार्यालयाला फोन करून तीन गोष्टी विचारा. धक्का दोन्ही बाजूंना बांधीव आहे की तरंगता, ओहोटीमुळे एखाद्या फेरीची वेळ किंवा धक्का बदलतो का, आणि आधाराने चालणाऱ्या प्रवाशाला आधी चढू देतात का. उथळ बंदरांत वेळापत्रक भरतीप्रमाणे रोज बदलते. अशा ठिकाणी गेल्या आठवड्यातल्या वेळा या आठवड्यात चालत नाहीत.

हवामानाचा अंदाज पाहताना आपले लक्ष पावसाकडे जाते, पण बोटीच्या प्रवासात वारा आणि लाटांची उंची अधिक महत्त्वाची. वाऱ्याचा जोर मोजण्यासाठी ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये तयार केलेली ० ते १२ अंकांची श्रेणी आजही वापरली जाते. तिच्यातला ४ हा अंक म्हणजे ताशी सुमारे २० ते २८ किलोमीटर वारा आणि मीटरभर उंचीच्या लाटा. बोट हलते, पण सवय नसलेल्यांनाही सोसवते. ६ हा अंक म्हणजे ताशी सुमारे ४० ते ५० किलोमीटर वारा, आणि खुल्या समुद्रात लाटा तीन मीटरच्या आसपास जातात. मोठी बोट त्यातही सुरक्षितपणे जाऊ शकते, पण पाच वर्षांच्या मुलीला आणि वृद्धांना घेऊन हौसेने करण्याचा तो प्रवास नव्हे. अंदाजात लाटांची जी उंची दिलेली असते ती बहुधा सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे अधूनमधून त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीची एखादी लाट येऊ शकते. वारा पडला म्हणजे समुद्र लगेच शांत झाला, असेही नसते. दूरवरच्या वादळाने उठलेल्या लांब लाटा वारा थांबल्यावरही बराच काळ येत राहतात. वाऱ्याची दिशा आणि भरतीच्या प्रवाहाची दिशा एकमेकींच्या विरुद्ध असेल, तर त्याच वाऱ्यात लाटा अधिक उभ्या आणि त्रासदायक होतात. निरभ्र, उन्हाच्या दिवसांत जमीन तापल्यामुळे समुद्रावरून किनाऱ्याकडे वाहणारा वारा दुपारी वाढत जातो. सकाळच्या फेऱ्यांना बहुधा जास्त शांत पाणी मिळते ते यामुळेच, आणि दोन्ही वेळा दुपारच्या आत प्रवास करा असे मी सांगतो त्याचे हेही एक कारण आहे.

निर्णय कोणी घ्यायचा, या प्रश्नाचे उत्तर निघण्याच्या सकाळी शोधू नका. बोट सोडायची की नाही हे तिचा कप्तान ठरवतो आणि त्याने नाही म्हटले की तिथे विषय संपतो. तिकीट काढले आहे, लांबून आलो आहोत, असा आग्रह धक्क्यावर कोणीही धरू नये. पण कप्तानाने हो म्हटले म्हणजे आपण चढलेच पाहिजे, असे नाही. आपल्यापैकी दोघांची नावे आधीच ठरवा, आपले आणि आणखी एका शांत डोक्याच्या व्यक्तीचे. आदल्या संध्याकाळी त्या दोघांनी अंदाज पाहावा आणि आधी लिहून ठेवलेल्या मर्यादेपेक्षा वारा जास्त असेल तर सहल पुढे ढकलावी. चौदा जणांची चर्चा त्या वेळी उघडली, तर जो मोठ्याने बोलेल त्याचे म्हणणे खरे ठरते. मर्यादा आठवडाभर आधी, सगळे निवांत असताना ठरली की ती कोणाच्या वैयक्तिक भित्रेपणाची गोष्ट राहत नाही.

एका बाबतीत मात्र मी आपल्याला मतभेदाला जागाच ठेवू नका असे सांगेन. बोटीवर प्रवासी संख्येची मर्यादा लिहिलेली असते. ती ओलांडून माणसे भरली जात असतील तर चढू नका. जास्त माणसे, विशेषतः वरच्या डेकवर, चढली की बोटीचा भार वर सरकतो, एका बाजूला कलल्यावर सरळ होण्याची तिची ताकद कमी होते, आणि काहीतरी पाहायला सगळे एका कठड्याकडे धावले तर बोट उलटायला तेवढेही पुरते. २००२ मध्ये सेनेगलची ‘जूला’ ही फेरीबोट क्षमतेच्या कितीतरी पट प्रवासी घेऊन निघाली आणि वादळी वाऱ्यात काही मिनिटांत उलटली; १८०० हून अधिक माणसे गेली. १९१२ च्या टायटॅनिक दुर्घटनेनंतर समुद्रावरील सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार १९१४ मध्ये झाला आणि पुढे तो वेळोवेळी सुधारला गेला, पण तो प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय जलप्रवासासाठी आहे. देशांतर्गत छोट्या फेऱ्या त्या त्या देशाच्या नियमांनी चालतात आणि नियम पाळले जातात की नाही ते जागेवर आपल्यालाच पाहावे लागते. चढल्याबरोबर लाइफ जॅकेट कुठे ठेवली आहेत ते पाहा. मुलीसाठी तिच्या वजनाच्या मापाचे, दोन पायांमधून पट्टा घेता येणारे जॅकेट आहे का, हे आधीच विचारा. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलांच्या अंगातून पाण्यात वर निसटते. बोटीवर मिळणार नसेल तर सोबत न्या.

नणंदेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बोट लागणाऱ्या माणसाला ‘मनावर घेऊ नकोस’ असे सांगणे अन्यायाचे आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव शरीर हलत असल्याचे सांगतो आणि बोटीच्या आत स्थिर भिंतीकडे पाहणारे डोळे काहीच हलत नसल्याचे सांगतात. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणून त्यांनी बोटीच्या मध्यभागी, खालच्या बाजूच्या डेकवर, पण बाहेरचे दिसेल आणि मोकळी हवा लागेल अशा जागी बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. पुढच्या टोकाला हेलकावे सर्वांत जास्त जाणवतात. मोबाइलकडे पाहणे आणि वाचणे कटाक्षाने टाळावे, पोट अगदी रिकामे किंवा गच्च भरलेले नसावे, आणि इंजिनाच्या धुराच्या दिशेला बसू नये. मळमळीवरची औषधे त्रास सुरू झाल्यावर फारशी उपयोगी पडत नाहीत, ती निघण्याच्या आधी घ्यावी लागतात. त्यांतल्या बऱ्याच औषधांनी झोप येते आणि इतर आजारांच्या गोळ्यांबरोबर काही चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. मुलीवरही लक्ष ठेवा, कारण दोन ते बारा वर्षांच्या वयात हा त्रास होण्याची शक्यता अधिक असते.

पैशांच्या बाबतीत भांडणे खर्चाच्या रकमेवरून कमी आणि न ठरवलेल्या गोष्टींवरून अधिक होतात. फेरी कंपनीने रद्द केली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात की फक्त दुसऱ्या फेरीत जागा देतात, हे विचारून घ्या. पण बोट रद्द झाली म्हणून राहण्याच्या जागेचे पैसे आपोआप परत मिळत नाहीत, तो वेगळा व्यवहार आहे, आणि बेटावर मुक्काम ठरवताना ‘बोट न आल्यास काय’ हा प्रश्न लेखी विचारलेला बरा. आपणच वाऱ्यामुळे जायचे नाही असे ठरवले तर होणारे नुकसान सर्वांनी समान वाटून घ्यायचे. एखादा जण ऐन वेळी स्वतःच्या कारणाने गळला तर त्याचा वाटा त्याचाच. त्याशिवाय एका जास्तीच्या रात्रीचा खर्च निघेल एवढी रक्कम प्रत्येकाकडून आधी जमा करा आणि लागली नाही तर घरी पोहोचल्यावर परत करा. हा निधी हातात असला की अडकून पडण्याची वेळ आली तरी कोणाच्या खिशाकडे पाहावे लागत नाही.

बेटावरच्या दिवसांबद्दल मी फार सांगणार नाही, ते आपण आनंदात घालवाल. सासऱ्यांची आणि इतरांची नेहमीची औषधे मात्र ठरलेल्या दिवसांपेक्षा दोन दिवस जास्तीची घ्या, आणि ती हातातल्या पिशवीत ठेवा. गाड्या नेणाऱ्या बोटींवर प्रवास सुरू झाल्यावर गाड्यांच्या डेकवर बहुधा जाऊ देत नाहीत. थोडी रोख रक्कम जवळ असावी. पाणी जपून वापरा. लहान बेटांवर गोडे पाणी बहुधा जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या थराच्या रूपात असते, आणि समुद्रसपाटीच्या वर असलेली त्याची पातळी एक मीटरने उतरली तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस मीटर वर सरकू शकते. उन्हाळी गर्दीत उपसा वाढला की तिथल्या लोकांच्या विहिरी खाऱ्या होतात. कचरा सोबत परत आणावा, कारण बेटावर टाकलेला कचरा कोणाला तरी बोटीनेच मुख्य भूमीवर न्यावा लागतो, नाहीतर तो तिथेच पडून राहतो.

चढताना आणि उतरताना चौदा डोकी मोजत बसण्यापेक्षा सात जोड्या करा आणि प्रत्येकाला फक्त आपल्या जोडीदाराची जबाबदारी द्या. आपल्याला मग सात उत्तरे पुरतात. मुलीची आणि सासऱ्यांची जोडी धडधाकट प्रौढांबरोबर असावी. तिकिटे एकाच्याच खिशात न ठेवता दोघांकडे विभागून ठेवा. कोणी वेळेवर आलेच नाही तर काय, हेही आधी सांगून टाका: त्याचा जोडीदार थांबेल, दोघे पुढच्या फेरीने येतील, आणि उरलेले बारा जण बोटीत बसतील. हा नियम ऐकायला कठोर वाटतो, पण दुपारची बोट निवडलेली असल्यामुळे मागे राहिलेल्या दोघांसाठी संध्याकाळची बोट शिल्लक असते.

या आठवड्यात फेरीच्या कार्यालयाशी बोलून परतीची वेळ पक्की करा आणि मगच सर्वांना एकच पत्र पाठवा, त्यात रविवारची बोट, धक्क्यावर पोहोचण्याची वेळ, वाऱ्याची मर्यादा, ती ठरवणाऱ्या दोघांची नावे आणि प्रत्येकाने द्यायची रक्कम एवढे लिहा आणि होकारासाठी एक तारीख द्या. दिरांशी मात्र पत्र पाठवण्यापूर्वी स्वतः बोला, आणि दुपारच्या बोटीची बाजू त्यांच्या सोमवारच्या कामावरूनच मांडा. ते पटले तर गटातली दुसरी शांत व्यक्ती म्हणून त्यांचेच नाव सुचवायला माझी हरकत नाही.